केळवणालाच लग्नाचा मेनू

"भाऊजी, त्या पोरीला मारायची काय गरज होती हो?"

कुंपणापलीकडून वहिनींचा आवाज आला तेव्हा मी जास्वंदीला पाणी घालत होतो. क्षणभर वाटलं, कॉलनीत काहीतरी भलतंच घडलंय. मग उलगडा झाला. पोरगी म्हणजे ग्वेन स्टेसी, आणि ती गेली २०१४ साली, न्यूयॉर्कमधल्या एका घड्याळाच्या मनोऱ्यात. वहिनींचे धाकटे चिरंजीव इंजिनिअरिंगची परीक्षा देऊन घरी आलेत. रात्रीची जेवणं झाली की टीव्हीवर ओळीनं सगळे स्पायडरमॅन लावायचा त्यांनी सपाटा चालवलाय. काल 'द अमेझिंग स्पायडर-मॅन २' झाला.

"ती जाते हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

"जाते ते जाऊ दे हो. पण ती गेली, तो तिच्या कबरीपाशी उभा राहिला, मी आत्ता कुठे पदर डोळ्याला लावतेय, तर लगेच तो गेंडा हजर! मेल्यांनी धड रडूसुद्धा दिलं नाही."

मी नळ बंद करून आलो. आमच्या या मेंदीच्या कुंपणावर नळाच्या पाण्याच्या वेळेपासून कोणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली इथपर्यंत सगळं होतं. पण सिनेमाचा विषय निघाला की मी वहिनींचं मुकाट ऐकतो, कारण गोष्ट कुठे फसली हे त्यांना बरोबर कळतं. दहा वर्षांहून जास्त काळ जगभरचे स्पायडरमॅनवेडे या सिनेमावर डोकी फोडतायत. वहिनींनी ते एका गेंड्यात उरकलं.

गेंडा म्हणजे राइनो. पॉल जियामाटीसारखा कसलेला नट त्यासाठी घेतला. सुरुवातीला तो ट्रक पळवताना दिसतो, मग गायब होतो आणि शेवटच्या काही मिनिटांत लोखंडी गेंड्यात बसून परत येतो. पोस्टरवर मात्र तो छान मोठा. स्पायडरमॅन रस्त्यावरचं गटाराचं झाकण जाळ्यात पकडून त्याच्यावर भिरकावतो आणि ते आपटायच्या आतच सिनेमा संपतो.

"मग त्याला आणला कशाला?"

"पुढच्या सिनेमासाठी."

"कुठल्या?"

"जो आलाच नाही."

वहिनी हातातली घेवड्याची शेंग मोडायच्या थांबल्या. मग मला सगळं पुराण सांगावं लागलं. स्पायडरमॅनचे सिनेमाचे हक्क सोनीकडे आले ते १९९९ साली. त्याआधी तीन वर्षं मार्व्हल कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली होती, आणि घरातलं एकेक पात्र बाहेर विकलं गेलं होतं. करारात मेख अशी की सोनीनं ठरावीक वर्षांत पुढचा सिनेमा काढला नाही तर हक्क माघारी जाणार. सॅम रेमीनं टोबी मॅग्वायरला घेऊन २००२, २००४ आणि २००७ साली तीन सिनेमे केले. चौथ्याचं जुळेना, तो २०१० च्या जानेवारीत रद्द झाला. मग सोनीनं पाटी पुसली. नवा दिग्दर्शक मार्क वेब, नवा पीटर अँड्र्यू गारफिल्ड, नवी नायिका एमा स्टोन. पहिला भाग २०१२ साली आला. दुसरा पडद्यावर यायच्या वर्षभर आधीच कंपनीनं जाहीर करून टाकलं की तिसरा १० जून २०१६ ला आणि चौथा ४ मे २०१८ ला. ही घोषणा केली त्याच वर्षअखेर 'सिनिस्टर सिक्स' म्हणजे सहा खलनायकांचा एक सिनेमा आणि व्हेनमचा एक, हेही ठरलं.

"दुसरा चालतो की नाही हे बघायच्या आधी?"

"आधी."

"म्हणजे केळवणाला बोलवायचं, पानात चटणी-कोशिंबीर वाढायची, आणि लग्नात काय काय असणार त्याची यादी वाचून दाखवायची. वर पुन्हा ते लग्न मोडलं ते मोडलंच!"

याहून नेमकं परीक्षण मी कुठल्याही वर्तमानपत्रात वाचलेलं नाही. त्या सिनेमात ऑस्कॉर्प कंपनीच्या तळघरातून कॅमेरा फिरतो. तिथे कोणाचे यांत्रिक पंख टांगलेत, कोणाचे लोखंडी हात ठेवलेत. कोण कुठल्या सिनेमात काय घालणार त्याचं हे प्रदर्शन. कहाणी तिथे घटकाभर थांबते, आपल्याला दुकान दाखवते आणि मग पुढे निघते. कहर म्हणजे तिकडे थिएटरात श्रेयनामावलीच्या मध्येच 'एक्स-मेन'च्या नव्या सिनेमाचा तुकडा दाखवला. एक्स-मेन फॉक्सचे, स्पायडरमॅन सोनीचा! मार्क वेबचा फॉक्सशी आधीचा करार होता. तो बाजूला ठेवून त्याला हा सिनेमा करू दिला, त्याची ही परतफेड. स्वतःच्या चार सिनेमांची जाहिरात कमी पडली म्हणून शेजाऱ्याचीही करून दिली.

एवढ्यात चिरंजीव चहाचा कप घेऊन ओट्यावर आले. "काका, तुम्ही उगाच झोडपताय. सत्तर कोटी डॉलर कमावलेत त्यानं. त्याला फ्लॉप कसं म्हणता?"

फ्लॉप मी म्हटलंच नव्हतं. जगभरात सुमारे ७१ कोटी डॉलरचा गल्ला झाला हे खरं आहे. पण त्यातले निम्मे तरी थिएटरवाले ठेवून घेतात, बनवायलाच २० कोटींच्या वर गेलेले, जाहिरातीचा खर्च वेगळा. आणि हिशेब दुसऱ्या बाजूनं बघायचा. २००७ च्या तिसऱ्या स्पायडरमॅनला, ज्याला आजही लोक नावं ठेवतात, सुमारे ८९ कोटी मिळाले होते. २०१२ ला ७५ च्या आसपास. मग ७१. एकट्या अमेरिकेत बघाल तर पहिल्या स्पायडरमॅननं ४० कोटींच्या वर नेले होते, याला २० च्या आसपास. बारा वर्षांत घरच्या मैदानावर गल्ला अर्ध्यावर. त्यात त्याच २०१४ साली मार्व्हलनं 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' आणला. त्यातलं एकही पात्र कोणी ऐकलेलं नव्हतं. एक बोलणारा रॅकून, एक तीनच शब्द येणारं झाड. त्यांनी ७७ कोटी नेले. जगातला सगळ्यात लाडका सुपरहिरो एका झाडाच्या मागे राहिला, तेव्हा सोनीत काय वातावरण असेल!

"पण मला तो निळा माणूस बरा वाटला हो," वहिनी म्हणाल्या. "सुरुवातीला."

सुरुवातीला, हे महत्त्वाचं. जेमी फॉक्सचा मॅक्स डिलन म्हणजे ऑस्कॉर्पमधला एकलकोंडा इंजिनिअर. वाढदिवस आहे आणि कोणाला आठवत नाही. उलट त्याच दिवशी सगळे घरी गेल्यावर बिघाड काढायला त्यालाच पाठवतात. तिथे तो विजेच्या माशांच्या हौदात पडतो. मग टाइम्स स्क्वेअरमध्ये सगळ्या पडद्यांवर स्वतःचा चेहरा दिसतो आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपल्याकडे बघतंय म्हणून तो हरखतो. ती दहा मिनिटं फार चांगली आहेत. पुढे पडद्यांवर त्याच्याऐवजी स्पायडरमॅन झळकायला लागतो आणि त्याचा तोल जातो. ऑफिसात काम एकानं करायचं आणि फोटो दुसऱ्याचा छापून यायचा, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एवढ्या माणसावर अख्खा सिनेमा पेलला असता. पण मग हॅरी ऑस्बॉर्न येतो, त्याला आजार, त्याला स्पायडरमॅनचं रक्त हवं, तो गॉब्लिन होतो, आणि मॅक्स बिचारा दिवे घालवण्याच्या कामापुरता उरतो. सात वर्षांपूर्वी रेमीच्या तिसऱ्या भागात हेच झालं होतं. सँडमॅन चांगला चाललेला, त्यात हॅरी होताच, वर व्हेनम घुसवला. तेव्हाची ठेच कोणाला आठवली नाही.

"आणि ते आईबाप!" वहिनींना आता रंग चढला होता. "विमानात काय मारामारी, भुयारात काय आगगाडीचा डबा. त्यातून निघालं काय? तर बापानं कोळ्यांत स्वतःचं रक्त घातलं होतं, म्हणून पोराला बाधलं नाही. मग त्या मे काकूनं काय केलं? तिनं आणि बेनकाकानं वाढवला ना पोरगा?"

इथे मी वहिनींना मनातल्या मनात नमस्कार केला. स्पायडरमॅनच्या जुन्या भक्तांचा या सिनेमावर खरा राग आहे तो इथे. १९६२ पासून कहाणी अशी की कोळी चावला तो निव्वळ योगायोगानं. क्वीन्समधल्या भाडेकरूच्या घरातलं कुठलंही पोर त्या जागी असू शकलं असतं. मुखवटा पूर्ण चेहऱ्यावर आहे तो त्यासाठी. आत कोण आहे ते दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला आत आपण आहोत असं वाटतं. बापाच्या रक्तामुळे हाच एक निवडलेला, असं म्हटलं की झाला तो घराणेशाहीचा सुपरहिरो. आपल्याला ते काही नवीन नाही, पण न्यूयॉर्कच्या या पोराकडून अपेक्षा वेगळी होती.

सॅली फील्डची मे काकू मात्र वहिनींना आवडली. नर्सिंग शिकते आणि पुतण्यापासून लपवते. मी त्यांना सांगितलं की एकदा मे काकूवर स्वतंत्र सिनेमा काढणार अशी आवई उठली होती, तरुणपणी ती हेर होती म्हणे, आणि निर्मात्यांना ते नाकारावं लागलं होतं.

"काकूचा काढला असता तर मी पहिल्या दिवशी गेले असते," वहिनी म्हणाल्या.

आपल्याकडच्या लोकांचं या मालिकेकडून एक जुनं येणं राहिलंय, तेही निघालंच. पहिल्या भागात आपला इरफान खान होता. डॉक्टर रजित राथा, ऑस्कॉर्पचा वरिष्ठ अधिकारी. न्यूयॉर्कच्या पुलावर त्याच्या गाडीवर लिझर्ड हा खलनायक हल्ला करतो, स्पायडरमॅन बाकीच्यांना वाचवत असतो, आणि त्यानंतर इरफानचं काय होतं ते पडद्यावर दिसतच नाही. दुसऱ्या भागात त्याचं नावही नाही. एवढ्या मोठ्या नटाला पुलावर सोडून कंपनी निघून गेली. पुढच्या सिनेमांची सोय लावता लावता मागच्यातली माणसं राहून गेली.

तेवढ्यात समोरचे अण्णा फिरून परत येत होते. निवृत्त मामलेदार. त्यांनी फाटकाशी थांबून ऐकलं आणि विचारलं, "तो दोऱ्या सोडणारा का? त्याला पगार कोण देतं?" आणि उत्तराची वाट न बघता गेले. प्रश्न वाईट नाही. पीटर पार्करही आयुष्यभर तोच विचारत आलाय.

"आता त्या पोरीकडे या," वहिनी म्हणाल्या. "तिला का मारलं?"

तर ग्वेन स्टेसी कॉमिकमध्ये मेली १९७३ साली. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा १२१ वा अंक, लेखक जेरी कॉनवे. गॉब्लिन तिला पुलावरून ढकलतो, स्पायडरमॅन जाळं सोडतो, जाळं तिच्या पायाला धरतं, आणि त्याच हिसक्यानं मान जाते. वाचवण्याच्या धडपडीतच ती गेली, म्हणून ते मरण वाचकांच्या जिव्हारी लागलं. नायकाची प्रेयसी अशी मरत नसे तोवर. सिनेमात पूल बदलून घड्याळाचा मनोरा घेतला, पण जाणकारांसाठी खुणा ठेवल्या. ग्वेनचे कपडे त्या अंकातल्यासारखे. घड्याळाचे काटे थांबतात ते एक वाजून एकवीस मिनिटांवर.

आणि ते पडणं. मी चिरंजीवांना तेवढा भाग मोबाइलवर पुन्हा लावायला सांगितला आणि आम्ही तिघांनी कुंपणावर वाकून पाहिला. दातेरी चाकं निखळून खाली येतायत, त्यांच्यामधून ती पडतेय, केस वर उडालेले. वरून जाळ्याचा धागा निघतो. त्याचं टोक हळूहळू उघडतं आणि त्याची बोटं होतात. तो हात तिच्याकडे झेपावतो, लागतो, पकडतो. धागा ताणला जातो. आणि जमीन तेवढ्यात येते. डोकं मागे जाऊन आपटल्याचा एक छोटा आवाज. संगीत नाही. मग पीटर खाली येऊन तिला हाका मारत राहतो. गारफिल्डनं तिथे जे केलंय ते सुपरहिरोच्या सिनेमात फार थोड्यांनी केलं असेल. त्याचं आणि एमा स्टोनचं त्या काळात खरोखरच जुळलेलं होतं, आणि मार्क वेबला नेमकं तेवढंच काढता येतं. त्याचा पहिला सिनेमा '(५००) डेज ऑफ समर' प्रेम फिसकटण्यावरच होता. पुलावर जाळ्यानं 'आय लव्ह यू' लिहिणं, रस्त्यात उभं राहून एकमेकांना नियम घालून देणं, ऑस्कॉर्पमधल्या अडगळीच्या कपाटात लपणं, हे सगळं खरं वाटतं.

"ह्यांनी साधं आंतरदेशीय पत्र पाठवलं नाही कधी," वहिनी म्हणाल्या. ते आतून ऐकत होते. पेपर सळसळला, उत्तर आलं नाही.

"म्हणजे मारायची गरज होती," चिरंजीव म्हणाले.

"गरज होती रे. पण मारलीत तर मग सुतक पाळा. ऋतू बदलतात कबरीपाशी, ते छान होतं. तिथेच थांबायचं होतं."

थांबता कसं येणार? २०१६ ची तारीख लावून ठेवलेली. पुढे जे झालं ते सिनेमापेक्षा सुरस आहे आणि त्यातलं बरंचसं चोरीला गेल्यामुळेच बाहेर आलं. २०१४ च्या नोव्हेंबरात सोनी पिक्चर्सचे संगणक फोडले गेले आणि साहेब लोकांच्या ईमेली जगभर वाटल्या गेल्या. त्यात स्पायडरमॅनचं पुढे काय करायचं याची सगळी घालमेल निघाली. मार्व्हलशी बोलणी चालू असल्याचं तिथेच फुटलं. सोनीच्या प्रमुख एमी पास्कल आणि मार्व्हलचे केव्हिन फायगी जेवायला भेटले होते. फायगींनी सुचवलं की सिनेमा आम्हालाच करू द्या. पास्कलबाईंनी पुढे स्वतःच सांगितलंय की आपल्याला रडू कोसळलं आणि आपण त्यांना ऑफिसातून हाकललं किंवा त्यांच्या अंगावर सँडविच फेकलं, दोन्हीतलं नक्की काय ते आठवत नाही.

वहिनींना हे फार आवडलं. "सँडविचच फेकलं असणार," त्या म्हणाल्या. "बाई चिडली की हातात असेल ते फेकते."

२०१५ च्या फेब्रुवारीत समेट जाहीर झाला. पैसा आणि हक्क सोनीचे, स्वयंपाकघर मार्व्हलचं. पास्कल प्रमुखपद सोडणार हे त्याच महिन्यात जाहीर झालं आणि पुढच्या स्पायडरमॅनच्या त्या निर्मात्या झाल्या. तिसरा, चौथा, सहा खलनायक, सगळं बासनात. २०१६ ला टॉम हॉलंड आला. गारफिल्डला कोणी निरोपाचा नारळही दिला नाही. दोन सिनेमे केलेला पहिलाच पीटर पार्कर, ज्याच्या कहाणीला शेवट नाही. एमा स्टोनला पुढे दोन ऑस्कर मिळाली, तेव्हा मरण तिला लाभलं म्हणायचं. मार्क वेबनं २०२५ चा 'स्नो व्हाइट' केला. त्यावर मी बोलत नाही.

"पण 'नो वे होम'!" चिरंजीव या क्षणाची वाट बघत होते.

२०२१ चा डिसेंबर. करोनानंतर लोक पहिल्यांदा झुंडीनं थिएटरात गेले ते या सिनेमाला. तिन्ही स्पायडरमॅन एकत्र. आपण त्यात नाहीच, असं गारफिल्ड महिनोन् महिने मुलाखतींतून चेहऱ्यावरची माशी न हलवता सांगत होता. आणि मग झेंडायाची एमजे उंचावरून पडते, टॉम हॉलंडचा हात पोचत नाही, आणि गारफिल्ड उडी घेतो. या वेळी जाळं सोडत नाही, स्वतः जातो. तिला घेऊन उतरतो, ठीक आहेस ना विचारतो, आणि त्याचाच चेहरा कोसळतो. उलट तीच त्याला विचारते. सात वर्षांपूर्वीचा राहिलेला हिशेब दुसऱ्याच्या सिनेमात अर्ध्या मिनिटात चुकता झाला. आमच्या इथल्या थिएटरात त्या क्षणाला शिट्ट्या वाजल्या आणि लगेच शांतताही झाली.

तेव्हापासून गारफिल्डचा तिसरा भाग काढा अशी मागणी जगभरातून सुरू आहे. चिरंजीव त्या पक्षाचे कट्टर. त्यांचं म्हणणं, त्याचा पोशाख सगळ्यांत देखणा, डोळे मोठे, जाळ्यावरून झोके घेणं त्या सिनेमाइतकं कोणी दाखवलं नाही, चूक कंपनीची होती, शिक्षा नटाला झाली. यातलं एकही म्हणणं मला खोडता येत नाही. तरीही मी विरुद्ध पक्षात आहे. कारण तिसरा निघाला तर तो गारफिल्डसाठी निघणार नाही, पुन्हा पुढच्या कशाच्या तरी सोयीसाठी निघेल.

"पुरावा काय?" चिरंजीव.

पुरावा सोनीचाच. स्पायडरमॅन मार्व्हलच्या स्वयंपाकघरात गेल्यावर सोनीनं उरलेल्या खलनायकांचे सिनेमे काढले. व्हेनम २०१८ ला चालला, कारण टॉम हार्डी स्वतःशीच भांडताना मजा येते. मग २०२२ ला 'मॉर्बियस', ज्याची लोकांनी इतकी टिंगल केली की कंपनीला ती लोकप्रियता वाटली. अमेरिकेत हजारेक पडद्यांवर तो पुन्हा लावला आणि तो पुन्हा पडला! २०२४ मध्ये 'मॅडम वेब' आणि 'क्रेव्हन'. स्पायडरमॅनच्या जगातले सिनेमे, ज्यात स्पायडरमॅन नाही. आणि 'मॉर्बियस'च्या शेवटी काय? पुढच्या टोळीची जुळवाजुळव. आठ वर्षं उलटली तरी सहाजणांची जमवाजमव चालूच होती.

"बरं, मग 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'?" चिरंजीवांनी हुकुमाचं पान टाकलं. "तोही अर्ध्यावरच संपतो. पुढचा भाग यायचाय म्हणून पाटी लावतात. तो तर तुम्ही डोक्यावर घेतला होतात."

घेतला होता. २०२३ साली तो भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. २००७ साली स्पायडरमॅन भोजपुरीत आला होता तेव्हा आम्ही हसलो होतो. मराठीत यायला आणखी सोळा वर्षं लागली. त्यात आपल्या मुंबईवरून बेतलेलं मुंबॅटन आहे, धोतर नेसलेला पवित्र प्रभाकर आहे, जो मुळात २००४ च्या कॉमिकमधून आलाय, आणि त्याची माया आंटी आहे. आणि गंमत अशी की गोष्ट नेमकी वहिनींच्याच प्रश्नावर आहे. प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात कोणीतरी जवळचं मेलंच पाहिजे, असा नियम आहे, आणि माइल्स नावाचा पोरगा मुंबॅटनमध्ये एका इन्स्पेक्टरला वाचवून तो नियमच मोडतो. का मारायचं, असं तो विचारतो. अर्धवट संपला तरी त्यात एक प्रश्न पूर्ण विचारला गेला, त्यातल्या वेगळ्या ग्वेनचं आणि तिच्या बापाचं पूर्ण मिटलं, माइल्सच्या आईचं बोलणं पूर्ण झालं. पोट भरलं होतं. फक्त पुढचा भाग २०२४ च्या मार्चमध्ये यायचा होता, तो २०२७ वर गेलाय. तोवर मी काय मत देऊ?

"मग आपल्या पवित्रचाच काढा की वेगळा," वहिनी म्हणाल्या. "मुंबईतलाच. लोकलनं जाणारा. पण पहिलाच भाग धड काढा म्हणावं, दुसऱ्याचं नंतर बघू."

टॉम हॉलंडचा चौथा, 'ब्रँड न्यू डे', त्यासाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख जाहीर झाली तेव्हापासून चिरंजीवांच्या मित्रमंडळींत कोण कोण खलनायक असणार याच्या याद्या फिरतायत. यादी जितकी लांब होते तितकं माझ्या पोटात कालवतं. मागच्या वेळीही यादी लांबच होती.

घेवडा निवडून झाला होता. वहिनी शेंगांची पाटी उचलून आत निघाल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "तिसरा काढलाच, तर त्यात कोणाला मारू नका म्हणावं. आणि गेंडा नको."

तुम्ही २०१४ चा तो सिनेमा तेव्हा चिडून अर्ध्यावर सोडला असेल तर एकदा पुन्हा लावा. हॅरीचा आजार, विमान, भुयार खुशाल पुढे सरकवा, टाइम्स स्क्वेअर आणि मनोरा नीट बघा, आणि कबरीपाशी वर्ष सरलं की टीव्ही बंद करा. त्यापुढे त्यात आपल्यासाठी काही नाही.